तिसऱ्या गिअरची कैफियत

भुकूम मागे टाकून पिरंगुटच्या घाटाची चढण चढताना आमच्या पद्मिनीने कधी कुरकूर केल्याचे मला स्मरत नाही. तिची तक्रार सुरू होई ती माथा ओलांडून पलीकडचा उतार लागल्यावर. उतारावर गाडी तिसऱ्या गिअरात टाकावी, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा आणि ब्रेकला शक्यतो तोशीस न देता इंजिनाच्याच ओढीने तिला आवरत खाली न्यावे, हा वडिलांनी घालून दिलेला दंडक. आणि तो पाळण्यासाठी मी पाय उचलला रे उचलला की स्टिअरिंगच्या डाव्या अंगाचा तो गिअरचा दांडा, आतून कोणी टपली मारावी तसा, खटकन न्यूट्रलवर येई आणि गाडी बेलगाम सुटे. काही महिने मी डाव्या हाताने दांडा दाबून धरूनच घाट उतरत असे, आणि हा हात एवढा वेळ तिथे कशासाठी, या शेजारच्या आसनावरून येणाऱ्या पृच्छेला निरनिराळे खुलासे देत असे. अखेर एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर खुलाशांचा साठा संपला आणि गाडी भूगावातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दाखल झाली.

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले आणि बावधन मागे पडले की भूगाव येते. मानस तलाव आणि त्याच्या आसपासची शेते एवढीच ज्याची ओळख होती त्या गावाच्या रस्त्याला आता दुतर्फा इमारती आणि मंगल कार्यालये उभी आहेत. तरी दोन इमारतींच्या मधल्या बोळात एखादी अशी शेड अजून टिकून आहे, जिथे जमीन तेलाने काळी झालेली असते आणि मालक स्वतः गाडीखाली असतो. आमच्या मिस्त्रींच्या शेडच्या भिंतीवर २०१७ सालच्या डिसेंबरात याच गावात भरलेल्या महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांचा फलक अद्याप डकवलेला आहे. मी सगळी हकीगत सांगितली, दांडा धरण्याचा प्रकारही लपवला नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, खोलल्याबिगर मी काय बोलणार नाय. आन् खोलल्यावर तुमी घाबरायचं नाय."

घाबरण्याचे कारण मी आधीच खरेदी करून ठेवले होते. वर्षभरापूर्वी एका भंगारवाल्याकडून, "चालू गाडीतून उतरवलाय, डोळे मिटून बसवा" अशा तोंडी हमीवर, मी पद्मिनीचाच एक जुना गिअरबॉक्स घेऊन तो गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवला होता. तेव्हा प्रश्न असा उभा राहिला की हा विकतचा बॉक्स आहे तसा चढवावा, की तो उघडून नव्याने बांधावा, की आपलाच जुना दुरुस्त करून नव्याचे लफडे टाळावे. जुन्या गाड्या बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतो, आणि बहुतेक जण त्याचा निकाल यंत्र पाहण्यापूर्वीच लावून मोकळे होतात.

मुळात असा जुना बॉक्स मिळतो तरी कसा, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे क्रायस्लर समूहाच्या अमेरिकी गाड्या जुळवल्या जात. पुढे तुरिनच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ च्या सुमारास, ज्यांच्यापाशी सुटे भाग याच देशात घडवण्याची काही योजना नाही त्यांना येथे केवळ गाड्या जुळवत बसता येणार नाही, असे धोरण सरकारने ठरवले. तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथला गाशा गुंडाळला आणि कुर्ल्याची फियाट राहिली. १९५३ सालीच जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली फियाट ११०० पुढच्या वर्षी कुर्ल्यात तयार होऊ लागली. १९६४ पासून ती डिलाइट झाली, १९७४ पासून पद्मिनी, आणि २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत तिच्या मूळ घडणीत फारसा फेरफार झाला नाही. युरोपात पंधरा-सोळा वर्षांत मागे पडलेली गाडी इथे चार तपे चालली, याची त्या काळी थट्टा होई, आणि ती रास्तही होती. परंतु ज्याला आज तिचा एखादा भाग हवा असतो त्याच्यापुरती ती थट्टा वरदानच ठरते. त्यात मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनी एवढ्या पद्मिनी रस्त्यावर आणल्या की तिच्या भागांचे भंगार हाच एक स्वतंत्र व्यापार होऊन बसला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, वीस वर्षांच्या वयोमर्यादेचा नियम लागू होऊन, शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. म्हणजे झरा आता आटला आहे. जे आहे ते साठलेले पाणी.

आता यंत्राकडे वळू. इंजिनाला संथ फिरून जोर देता येत नाही. त्याचा जोर विशिष्ट वेगाच्या टापूतच असतो, आणि गाडीला तर जागेवरून निघताना जोर हवा व सपाट रस्त्यावर वेग. ही तडजोड दातेरी चक्रांच्या जोड्यांनी साधली जाते. इंजिनाकडून एक आखूड शाफ्ट बॉक्समध्ये शिरतो. तो खालच्या समांतर लेशाफ्टला फिरवतो, ज्यावर लहानमोठी चक्रे एकत्र नांदतात. आणि त्या चक्रांत सदैव गुंतलेली दुसरी चक्रे वरच्या मेनशाफ्टवर मोकळी फिरत असतात. आपण गिअर टाकतो म्हणजे दात दातांत घुसवतो अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरांपुरती खरी नाही. त्यांचे दात आधीच गुंतलेले असतात. आपण फक्त हव्या त्या मोकळ्या चक्राला मेनशाफ्टशी जखडतो. चौथ्या गिअरात तर इंजिनाचा शाफ्ट थेट मेनशाफ्टलाच जोडला जातो आणि लेशाफ्ट खाली नुसता, भाराविना फिरत राहतो.

ही जखडण ज्या आखूड दातांनी होते त्यांना डॉग म्हणतात. नाव कुत्र्याचे आणि काम दातांनी धरून ठेवण्याचे, तेव्हा परिभाषा इथे तरी अन्वर्थक आहे. परंतु धरणारा आणि धरला जाणारा वेगवेगळ्या गतीने फिरत असतील तर पकड बसण्याऐवजी घरघर होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फ्रान्सच्या लव्हासोरने सरकत्या चक्रांचा गिअरबॉक्स प्रथम रूढ केला तेव्हा, हे रानटी आहे खरे पण चालते, असे तो स्वतःच म्हणाल्याचे सांगतात. त्या रानटीपणावरचा उतारा १९२८ सालच्या कॅडिलॅक गाडीतून आला: एक पितळी रिंग, जी डॉग भिडण्यापूर्वी चक्राच्या शंकूवर घासून दोहोंची गती समान करते. हीच सिंक्रो रिंग. पद्मिनीत ती दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअराला आहे. पहिल्याला नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावाचून पहिला घालू नये, आणि घालायचाच असेल तर डबल क्लच मारण्याची विद्या अवगत असावी. वडिलांना ती होती. मला ती आहे असे मी चारचौघांत म्हणतो.

यंत्र उतरवण्यापूर्वीही त्याच्याकडून बराच कबुलीजबाब घेता येतो, आणि तो फुकट असतो. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला आणि क्लचवरचा पाय काढलेला, अशा स्थितीत घरघर येत असेल व क्लच दाबताच ती थांबत असेल, तर पुढच्या शाफ्टचे किंवा लेशाफ्टचे बेरिंग वाजते आहे असे समजावे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर दोष क्लचच्या रिलीज बेरिंगचा आणि बॉक्स निर्दोष. पहिल्या तिन्ही गिअरांत गाडी रडते आणि चौथ्यात गप्प होते, तर आरोपी लेशाफ्टच्या बाजूला शोधावा, कारण चौथ्यात त्याच्यावर भारच नसतो. सगळेच गिअर पडायला जड जात असतील तर बहुधा क्लच पुरता सुटत नाही. आणि स्टिअरिंगवरून गिअर टाकण्याच्या गाड्यांत आणखी एक संशयित असतो, तो म्हणजे दांड्यापासून बॉक्सपर्यंतच्या सळ्या आणि त्यांचे बुश. बुश झिजून ढिले झाले की दांडा इथे तिसरा दाखवतो आणि तिथे आतली पकड अर्धीच बसते. क्षुल्लक किमतीचा बुश बदलून जे काम व्हायचे त्यासाठी अख्खा बॉक्स खाली उतरवल्याच्या कथा मी एकाहून अधिक ऐकल्या आहेत. आमच्या गाडीच्या सळ्या मिस्त्रींनी आधी तपासल्या, बुश बदलले, घाटात एक फेरी मारली. तिसरा गिअर पूर्वीइतक्याच निष्ठेने सुटला.

मग त्यांनी तेल काढले. काळपट तेलाचे चार थेंब पांढऱ्या चिंधीवर घेऊन ते शेडबाहेर उन्हात आले आणि चिंधी तिरकी धरून मला दाखवली. करड्या मातकट डागात सोन्याच्या वर्खासारखे बारीक कण चमकत होते. करडी पूड ही पोलादाची नेहमीची झीज, तिचे भय नाही. सोनेरी कण म्हणजे पितळ, अर्थात सिंक्रो रिंग तेलात उतरू लागली आहे. पोलादाची टोकदार कपची निघाली असती तर ते वाईट. ती नव्हती.

येथे मला त्या तोंडी हमीचा मोह पडला. जिन्याखालचा बॉक्स आहे तसा चढवावा, चालला तर काम फत्ते, असे मी सुचवून पाहिले. मिस्त्रींनी उत्तरादाखल फक्त कामाचा क्रम सांगितला: प्रोपेलर शाफ्ट सोडायचा, स्पीडोमीटरची केबल, गिअरच्या सळ्या, स्टार्टर, मग खालचे जॅक लावून बॉक्स मागे ओढायचा, आणि चढवताना हेच उलट. आत चांगला बॉक्स असो वा वाईट, ही मजुरी तेवढीच. न पाहिलेला बॉक्स चढवणाऱ्याच्या लक्षात येत नाही ती गोष्ट हीच, की तो दुरुस्तीचा खर्च वाचवत नसून मजुरी दोनदा देण्याची जोखीम पत्करत असतो. शिवाय उघडून पाहण्याचा खर्च म्हणजे एक दुपार, थोडे रॉकेल आणि कागदी गॅस्केट. माझे मत विचाराल तर जुना घेतलेला गिअरबॉक्स हा गिअरबॉक्स मानूच नये. तो सुट्या भागांचा, योगायोगाने एकाच पेटीत राहिलेला, संच मानावा, आणि त्याची किंमतही तेवढीच द्यावी.

दोन्ही बॉक्स टेबलावर शेजारी शेजारी मांडून पंचनामा सुरू झाला. पहिली गोष्ट दोघे एकाच ठेवणीचे आहेत काय, ही. ती वरच्या रंगावरून किंवा विकणाऱ्याच्या शब्दावरून ठरत नाही, चक्रांचे दात खडूने खूण करून मोजावे लागतात, मागच्या टोकाच्या खाचा मोजाव्या लागतात आणि पुढच्या शाफ्टवर आपली क्लच प्लेट बसवून पाहावी लागते. सगळे जुळले. सिलेक्टरचा दांडा ओढून काढताना मिस्त्रींनी भोकावर चिंधी दाबून धरली, कारण दांडा जागच्या जागी रोखणारी पोलादी गोळी आणि तिच्यामागची स्प्रिंग त्या क्षणी बंदुकीतून सुटावी तशी सुटते; ती तशी सुटलीच, पण चिंधीत अडकली. आमच्या बॉक्समधली स्प्रिंग दुसऱ्या बॉक्समधल्या स्प्रिंगेशेजारी उभी केली तर दोन सुताने बुटकी भरली. हा पहिला पुरावा.

दुसरा पुरावा तिसऱ्या गिअरच्या डॉगमध्ये सापडला. त्या दातांच्या कडा काटकोनात तीक्ष्ण असायला हव्यात; आमच्या झिजून गोल आणि उतरत्या झाल्या होत्या. इंजिन गाडीला ओढते तेव्हा दाताची एक बाजू भार घेते आणि उतारावर गाडी इंजिनाला ओढते तेव्हा दुसरी. आमची ही दुसरी बाजू घसरगुंडी झाली होती. चढावर गिअर का टिकत होता आणि उतारावर का सुटत होता, याचा उलगडा त्या नखाएवढ्या पोलादात झाला. भिंतीवरच्या फलकाकडे बोट दाखवून मिस्त्री म्हणाले, "हात तेलकट झाल्यावर पकड कशी बसायची?" लेशाफ्टवरच्या तिसऱ्या चक्राच्या दातांवर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले होते. गिअरचे पोलाद आत चिवट आणि बाहेर कडक असते. तो कडक थर जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा, आणि एकदा तो फुटला की त्यावर वेल्डिंग आणि घासकाम करून तात्पुरती इभ्रत राखता येते, टिकाऊपणा येत नाही. आमचे गिअर गेले होते.

आता विकतच्या बॉक्सची पाळी. त्याचे पुढचे बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन बोटावर फिरवले तर वाळूत फिरल्यासारखे खरखरले. तोंड उघडे टाकून तो कुठेतरी पावसात पडून होता, चालू गाडीतून थेट आलेला नव्हता. सिंक्रो रिंगा शंकूवर दाबून बसवून मागच्या फटीत फिलर गेज घातला. नव्या रिंगेत ही फट साधारणतः मिलिमीटरच्या आसपास असते आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खाली उतरली की रिंग संपली असे धरतात. दुसऱ्या गिअरची तर जवळजवळ चक्राला टेकली होती, टॅक्सीचे आयुष्य शहरात बहुतांशी दुसऱ्यावरच जाते याची ती साक्ष. वर कवचाचा एक कान, उतरवताना हातोड्याने किंवा आपटून, तुटलेला. माझा चेहरा पडला. परंतु मिस्त्री चक्रे एकेक करून उन्हात फिरवीत होते. जुन्या तेलाच्या थराखाली राहिल्यामुळे त्यांना गंज शिवला नव्हता. दातांवरची झीज सरळ, गुळगुळीत आणि एकसारखी. डॉगच्या कडा नखाला टोचतील इतक्या तीक्ष्ण.

निर्णय खरे तर तेव्हाच झाला, आणि तो कोणत्या गोष्टीवर झाला हे नीट पाहण्यासारखे आहे. विकतच्या बॉक्समध्ये बिघाड जास्त होते. मोजून पाहिले तर आमचाच बॉक्स बरा ठरला असता. पण बेरिंगचा आकार जागतिक ठरावानुसार असतो. त्याच्या कडेवर आकडा कोरलेला असतो आणि ६२०५ असा आकडा असेल तर भोक २५, बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर हे जगात कुठेही तेच. नाना पेठेतल्या दुकानात आकडा सांगावा आणि नवे बेरिंग घ्यावे, गाडीचे नाव घेण्याचीही गरज नाही. ऑइल सीलचे तेच. गॅस्केट घरी कापता येते. रिंगा शोधल्या तर मिळतात, आणि न मिळाल्यास पिरंगुटकडच्या एखाद्या कुशल खरादी माणसाकडून नमुन्याबरहुकूम करून घेता येतात. परंतु गिअर आणि लेशाफ्ट आज कोणी घडवून देत नाही, आणि एकट्या गाडीसाठी घडवायचे म्हटले तर गाडीच्या किमतीशी गाठ पडते. तेव्हा दोषांची संख्या मोजण्यात अर्थ नसतो. जो भाग पुन्हा मिळणार नाही तो कोणाकडे शाबूत आहे एवढेच पाहावे. चक्रे त्या बॉक्सची, कवच आमचे, असा निवाडा झाला. एकमेकांशी घासून सरावलेल्या जोड्या फोडू नयेत, नाहीतर चांगली दोन चक्रेही रडू लागतात, म्हणून गिअरांचा संच लेशाफ्टसकट सबंध उचलला. दोन्हीकडची चक्रे गेली असती तर मात्र मी तिसऱ्या बॉक्सचा शोध सुरू केला असता. दुसऱ्याच कुठल्या गाडीचा पाच गिअरांचा बॉक्स पट्ट्या जोडून बसवणारे लोक आहेत. ज्यांना रोज मुंबई गाठायची आहे त्यांनी तसे करावे, माझी हरकत नाही.

जुळवणीतले बारकावे सांगत बसत नाही, दोनच सांगतो. शाफ्टची पुढेमागे होणारी हालचाल शिमने, म्हणजे कागदाएवढ्या जाड पत्र्याच्या चकत्यांनी, ठरावीक मर्यादेत आणावी लागते, आणि ज्या कवचात चक्रे बदलली तिथे ते नव्याने मोजावेच लागते. कित्येक बांधलेले बॉक्स महिन्याभरात पुन्हा गिअर सोडतात ते या आळसापायी. दुसरे तेलाचे. दुकानदार मोठ्या आकड्याचे म्हणून जीएल-५ वर्गाचे तेल आग्रहाने पुढे करतो. ते डिफरन्शियलसाठी ठीक. पण त्यातली गंधकयुक्त द्रव्ये पितळाला खातात आणि त्याचा निसरडेपणा सिंक्रो रिंगेला पकडू देत नाही. गिअरबॉक्ससाठी जीएल-४ मागावे आणि डब्यावर वाचून घ्यावे.

दप्तरी बाजूही पाहून घेतली. गाडीच्या नोंदणी पुस्तकात इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे इथे आरटीओला कळवण्याजोगे काही नव्हते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील खाजगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले, 'व्हीए' अक्षरांची पाटी आणि नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी. त्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची अट चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याकडे बोट दाखवते. अशी गाडी रोजच्या वापरास चालत नाही. आमची १९७८ सालची. म्हणजे २०२८ पर्यंत भाजी आणायला तिची मुभा आहे.

श्रावणात गाडी मिळाली. मिस्त्री शेजारी बसले आणि आम्ही भुकूमवरून घाट चढलो. माथ्यावर तिसरा टाकला, पाय उचलला आणि सवयीने डावा हात दांड्यावर गेला. "हात काढा, काका," मिस्त्री म्हणाले. मी काढला. दांडा हलला नाही. पावसाने ओल्या रस्त्यावरून गाडी इंजिनाच्या ओढीत पिरंगुटपर्यंत शांतपणे उतरली. परतताना, मानस तलाव दिसू लागला तेव्हा, मागच्या आसनाखालून एक बारीक, संथ गुंजारव येत असल्याचे मला जाणवले. हा नवा आवाज कसला, असे मी विचारले. मिस्त्रींनी काच खाली केली, थोडा वेळ कान दिला आणि म्हणाले, "डिफरन्शियल. नवा नाय, जुनाच हाय. तुमचा बॉक्स एवढा बोंबलायचा, त्याचं कुणाला ऐकू यायचं?"

विकतच्या बॉक्सचे कान तुटलेले कवच आणि आमची वण पडलेली चक्रे चिठ्ठ्या लावून त्याच गोणपाटात गुंडाळली आहेत. जिन्याखाली जागा होतीच.